वीतभर फट

टोर्नेडोचा विषय निघाला की माझे विद्यार्थी मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ लावतात. ट्रक उडतोय, घराचं छप्पर उडतंय, मागनं कुणीतरी किंचाळतंय. मी म्हणते, ठेवा ते खिशात आणि फळ्याकडं बघा. कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी हवा आणि पाणी कसं वाहतं ते शिकवते, आणि या बाईच्या नाकावर राग असतो हे पोरांना पहिल्याच आठवड्यात कळतं. परवा एकजण धीर करून म्हणाला, "मॅडम, आता लॅपटॉपवर तासाभरात वादळ तयार होतं. तुमच्या वेळी किती वेळ लागायचा?" मी म्हटलं, "अकरा दिवस. आणि अकराव्या दिवशी त्याला झेंडूचा हार घालून बंद पाडायचे." वर्ग हसला. त्यांना वाटलं, मॅडम आज मूडमध्ये आहेत.

पण ते अगदी खरं होतं. आणि ते दिवस आठवले की मला अजून माझ्या एम.ई.च्या वेळच्या त्या प्रयोगशाळेत जाऊन बसावंसं वाटतं. दुसरा मजला, चार संगणक, त्यातला एकच धड. डोक्यावर करकरणारा पंखा. खिडकीतून ऊस दिसायचा आणि पलीकडं एक गुऱ्हाळ. हंगामात रस कढायला लागला की सगळ्या खोलीत तो गोड वास भरायचा, आणि आम्ही अभ्यास सोडून नाकं वर करून बसायचो. गुऱ्हाळाचा धूर कुठं वाकतोय ते बघून मी वारा कुठला आहे ते सांगायची. त्या वयात मला वाटायचं, आपल्याला वाऱ्यातलं सगळं कळतं.

वाऱ्याच्या मागं मी लागले ते आप्पांमुळं. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचा धंदा पत्र्याच्या शेडचा. उचगावात घराच्या पुढच्या अंगाला त्यांचं वेल्डिंगचं मशीन आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं, आप्पा, आई आणि मी. मी लहानपणी आप्पांच्या मागं मागं शिडीपाशी उभी राहायची आणि ते वरून बोलत राहायचे. कैची म्हणजे पत्र्याखालचा लोखंडी सांगाडा, त्याला पत्रा धरून ठेवतो तो हूक, आणि कडेच्या पत्र्याला हूक दुप्पट, हे मी पाढे पाठ करायच्या आधी शिकले. त्यांचा आणखी एक हट्ट होता. भिंत संपते तिथं, पत्र्याच्या खाली, चारी बाजूंनी वीतभर फट ठेवायची. गिऱ्हाइक कुरकुरायचं, पाखरं येतील, धूळ येईल. आप्पा म्हणायचे, "पावण्याला आत घेतलासा आणि कोंडून घातलासा, तर त्यो काय करंल? घर डोक्यावर घील का न्हाय? वाऱ्याचं पण तसंच हाय."

मी बारावीची परीक्षा दिली त्या मे महिन्यात, वळवाच्या एका दुपारी, इचलकरंजीच्या बाजूला आप्पांनी बांधलेल्या एका यंत्रमागाच्या शेडचं छप्पर उडालं. लोक म्हणाले, भवरा आला. धुळीचा खांबच्या खांब शेतातनं गरागरा फिरत आला आणि शेडवर चढला. पत्रे बाजूच्या शेतात जाऊन पडले, आणि एक पत्रा आत एका विणकराच्या उजव्या हातावर पडला. माणूस वाचला, पण कोपराच्या खाली हात कामातून गेला. आप्पा दवाखान्यात गेले होते. दारातूनच त्याला झोपलेला बघितला आणि तसेच माघारी आले. आत जायचा त्यांना धीर झाला नाही, असं आईनं मला नंतर सांगितलं.

त्या दिवसापासून आप्पांनी शेडची कामं बंद केली. खिडकीच्या जाळ्या, गेट, पाण्याच्या टाकीचे स्टँड, असलं काहीबाही करत राहिले. मालकानं सांगून टाकलं होतं, मिस्त्रीनं हूक कमी घातले. पत्रा उडाला म्हणजे काम कच्चं, एवढंच लोकांना कळतं. चहाच्या टपरीवर कुणी मोठ्यानं हसलं तरी आप्पांना वाटायचं, आपल्यावरच हसतायत. ते कुणाला काही बोलले नाहीत. पण शिडी त्यांनी घराच्या मागं आडवी टाकली ती टाकलीच, आणि तिच्यावर आई कपडे वाळत घालायला लागली. मला ते बघवायचं नाही. मला एकच गोष्ट कळून घ्यायची होती, चूक आप्पांची होती का नव्हती.

पुढं मी एम.ई. ला गेले आणि प्रोजेक्टचा विषय निवडायची वेळ आली, तेव्हा सरांना म्हटलं, टोर्नेडोसारखा भोवरा पत्र्याच्या शेडवर आला तर हवा कशी वाहते, ते संगणकावर बघायचंय. सरांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "कोल्हापुरात टोर्नेडो कुठनं आणलास बाई? महापूर घे की, रग्गड आहे आपल्याकडं." मी म्हटलं, "सर, खरा टोर्नेडो ढगातनं खाली उतरतो आणि वावटळ जमिनीवरनं वर चढते, ते मला माहीत आहे. पण शेडच्या पत्र्याला ते माहीत नसतं. त्याला फिरणारा वारा लागतो आणि वरचा दाब कमी होतो, दोन्हीत तेच." सर हसले आणि सही केली. खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. आप्पांना मात्र सांगितलं, कारण मापं त्यांच्याकडनंच घ्यायची होती.

मला वाटलं होतं, ते चिडतील. ते उठले, खडू आणला आणि अंगणातल्या फरशीवर अख्खी शेड काढली. लांबी, रुंदी, कैच्यांची उंची, दार कुठल्या बाजूला, हूक कुठं किती, फट किती. एवढ्या वर्षांनी एकही माप विसरले नव्हते. मी वहीत उतरवून घेत होते आणि ते वाकून वाकून सांगत होते, "हितं सूतभर जास्त हाय बघ. लिव्ह." बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज शिडीवरून बोलायचे तसा झाला होता. आई दारात उभी राहून म्हणाली, "आता फरशी कोण पुसणार?" आणि मग तिनंच दोन दिवस ती पुसली नाही.

संगणकातलं वादळ म्हणजे काय, ते आईला समजावताना माझ्या नाकी नऊ आले. मी म्हटलं, शेडच्या भोवतीची सगळी हवा बारीक बारीक चौकोनात कापायची, मासे धरायच्या जाळीसारखी. मग प्रत्येक चौकोनाला विचारायचं, तुझ्याकडं किती हवा आली, किती गेली, दाब किती. लाखो चौकोन, आणि क्षणाच्या बारीक तुकड्या-तुकड्याला पुन्हा तोच प्रश्न. पडद्यावर दाब जास्त तिथं लाल, कमी तिथं निळा. आईनं चित्र बघितलं आणि म्हणाली, "रंगपंचमीच हाय की ही. ह्यात आपली शेड कुठली?" मी बोट दाखवलं. काडेपेटीएवढा पांढरा ठोकळा. "एवढुशी?" ती म्हणाली.

पहिले तीन महिने नुसतं फुटणं. आकडे वाढत वाढत आभाळाला जायचे आणि प्रोग्राम मरायचा, त्याला आम्ही 'फुटलं' म्हणायचो. जाळी जाड ठेवली तर भोवरा विरघळून जायचा, बारीक केली तर संगणक हात टेकायचा. सोमवारी लाईट जायची, ते वेगळंच. शेवटी एकदा सगळं जमलं. भोवरा शेतातून सरकत यायला लागला, अगदी लोकांनी सांगितलं होतं तसा. अकरा दिवस लागणार होते. मी पडद्यावर कागद चिकटवला, 'कृपया बंद करू नये, काम चालू आहे,' आणि रोज सकाळी जाऊन तो किती पुढं आला ते बघायची. आजारी माणसाची विचारपूस करावी तसं माझं चाललं होतं.

अकराव्या दिवशी गेले तर पडदा काळा. चारी संगणकांना झेंडूचे हार, कीबोर्डवर हळदकुंकू, आणि प्रयोगशाळेचे मामा उदबत्ती ओवाळतायत. खंडेनवमी होती. मी ओरडले, "मामा, बंद कुणी केलं?" मामा शांतपणे म्हणाले, "आज यंत्राला सुट्टी असतीया बाई. वरसातनं एक दिवस. तुमचा कागद वाचला की मी, काम चालू हाय म्हणून. म्हणून तर हात जोडून बंद केलं." खरी चूक माझीच. आमचं बौद्धाचं घर. आमच्याकडं खंडेनवमी नसते, दुसऱ्या दिवशी पांढरे कपडे घालून विहारात जायचं असतं, आणि माझ्या डोक्यात तेवढंच होतं. आदल्या दिवशी अख्खं कोल्हापूर आपापली मशिनं पुसून बंद ठेवतं, हे जन्मभर बघूनही मला सुचलं नाही. मी जिन्यात बसून रडले. मामांनी प्रसादाचे चिरमुरे आणून हातावर ठेवले आणि म्हणाले, "उद्या चालू करा, जोरात पळंल." आज ते मामाही निवृत्त झाले, आणि खंडेनवमीला मी स्वतः सगळी कामं आदल्या दिवशी थांबवून ठेवते.

दुसऱ्यांदा चालवलं ते पुरं झालं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. भोवरा आला, शेडवरून गेला, आणि छप्पर जागच्या जागी राहिलं. मी पुन्हा पुन्हा बघितलं. दारातून हवा आत घुसत होती आणि वीतभर फटीतून चारी बाजूंनी निघून जात होती. पत्र्याला वर ओढणारा जोर होता, पण आप्पांनी सांगितलेल्या हुकांना तो सहज पेलणारा होता. हिशेबात वारा वाढवून बघितला, तरी पेलत होता. हूक निम्मे करून बघितले, तेव्हा कुठं कडेचा पत्रा जायला लागला.

याचा अर्थ एकच निघत होता. आप्पांनी सांगितले तेवढे हूक तिथं नव्हतेच.

दोन दिवस मी गप्प राहिले. मला गप्प राहता येत नाही, हा माझा जुना रोग आहे. तिसऱ्या दिवशी जेवताना तोंडातून निघून गेलं. "आप्पा, खरं सांगा. कडेला हूक दुप्पट घातलेलं का न्हाय?"

आप्पांचा हात भाकरीवर थांबला. "तुझं मशीन काय म्हणतंय?"

"पत्रा उडाय नको, म्हणतंय. तुम्ही सांगितलेलं हूक खरंच असतील, तर."

त्यांनी ताटात पाणी ओतून हात धुतला. अर्धी भाकरी तशीच राहिली. उठताना एवढंच म्हणाले, "गावानं इचारलं, त्याचं मला काय वाटलं न्हाय गं. तू इचारलंस."

ते वाक्य आज लिहितानाही माझे डोळे भरून येतात. मला तिथंच त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण मी धरले नाहीत. माझ्याकडं आकडे होते ना! आकडे खोटं बोलत नाहीत, अशी माझी घमेंड. आप्पा बाहेर गेल्यावर आईनं मला धारेवर धरलं. "तू ती शेड जाऊन बघितलीस?"

"आई, मी ती हजार वेळा बघितलीय पडद्यावर."

"पडद्यावर मी शंभर लग्नं बघितली, एका लग्नातला लाडू हातात पडला न्हाय. उद्या ऊठ आणि जा तिकडं."

मी गेले. इचलकरंजीत उतरलं की आधी कानच भरतात. रस्त्यावरून चालताना दोन्ही बाजूंनी मागांची खटखट, आणि शेडच्या आत शिरल्यावर तर शेजारच्या माणसाशी बोलायला त्याच्या कानाला लागावं लागतं. छप्पर नवीन घातलेलं होतं, भिंती जुन्याच. मी कॉलेजची विद्यार्थिनी, वाऱ्याचा अभ्यास करते, एवढंच सांगितलं. मालक गावाला गेला होता. दिवाणजी म्हणाला, "त्या चाचांना विचारा, ते त्या दिवशी इथंच होते," आणि कोपऱ्यात बसलेल्या एका माणसाकडं बोट दाखवलं. तो सुताच्या कांड्या भरत होता, डाव्या हातानं. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला होता.

मी बिचकत जवळ जाऊन बसले. पण चाचा मोठे बोलके निघाले. उत्तरेतून येऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, आणि त्यांची मराठी अर्धी तिकडची, अर्धी इचलकरंजीची. मी वर बघत होते. भिंतीच्या माथ्याला, पत्र्याच्या खाली, चारी बाजूंनी वेगळ्याच रंगाच्या गिलाव्याचा एक पट्टा होता. वीतभर रुंद. मी विचारलं, "चाचा, इथं फट होती ना?"

"तुला कसं माहीत बेटी?" चाचांना आनंदच झाला. "होती ना. पण हवा यायची, और धागा तुटायचा. धागा तुटला की माग बंद, माग बंद की आपण बसलो हात जोडून. शेटजींना चार बार सांगितलं, बघू म्हणाले. मग मीच चढलो शिडीवर. पहिले पोत्याचे बोरे ठासले, उपर से सिमेंट. चारों तरफ. उसके बाद बघ, एक धागा नाही तुटला!" आणि चांगल्या हातानं त्यांनी तो अख्खा पट्टा मला फिरवून दाखवला.

"छप्पर उडालं, त्याच्या आधी?"

"आधी, बेटी. बहुत आधी. शेड बांधली, त्याच्या पुढच्याच महिन्यात."

मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

बाकीचं संगणकानं सांगितलं. मी फट बंद केली, दार उघडं ठेवलं, हूक आप्पांनी सांगितले तेवढेच, आणि भोवरा पुन्हा सोडला. पुन्हा अकरा दिवस. दारातून घुसलेल्या हवेला आता बाहेर जायला वाट नव्हती. आतला दाब वाढत गेला आणि वरचा कमी होत गेला. तव्यावरची भाकरी फुगते तसं आतनं वर ढकलणं आणि वरनं ओढणं एकाच वेळी. कडेचे हूक आधी सुटले, मग सगळं छप्पर. फट असती, तर एक पत्रा हलला नसता.

मी ती चित्रं छापून घेतली आणि बस पकडून घरी पळत आले. आप्पा दारात एक गेट घासत बसले होते. मी कागद त्यांच्या पुढ्यात ठेवले आणि भडाभडा सगळं सांगितलं. फट बुजवलेली होती आप्पा, तुमची काहीच चूक नव्हती, हूक बरोबर होते, माझं चुकलं, मी तुम्हाला असं विचारायला नको होतं. मी रडत होते आणि हसतही होते. मला वाटलं होतं, आता आप्पा उठून उभे राहतील, आईला हाक मारतील, अख्ख्या उचगावाला हे कागद दाखवत फिरतील.

आप्पांनी निळं-लाल चित्र हातात घेतलं. मग विचारलं, "कुणी बुजवली?"

मी सांगितलं. ज्याचा हात गेला, त्यानंच.

"त्याला सांगितलंस तू?"

"न्हाय."

"मग सांगू नगंस."

"आप्पा, सहा वर्षं तुम्ही..."

"सहा वरसं मला वाटत हुतं, माझ्यामुळं त्याचा हात गेला. कसं वाटतंय ते मला म्हाईत हाय." त्यांनी कागदाची घडी केली. "त्याचा हात गेलाय. आता तो त्याच्याच हातानं गेला, असं कशाला सांगायचं त्याला? मला कळलं, तुला कळलं, तुझ्या आईला सांग. बास झालं."

"पण फट अजून बुजलेलीच आहे. पुन्हा वारा आला तर?"

"ती मी उघडतो," आप्पा म्हणाले, आणि उठून घराच्या मागं गेले. आईची वाळत घातलेली लुगडी त्यांनी एकेक करून काढून तिच्या हातात दिली आणि शिडी उभी केली.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर गेले. मालकाला त्यांनी काय सांगून राजी केलं, ते मला माहीत नाही. त्यांनी गिलावा फोडला, कुजलेली पोती ओढून काढली आणि फटीला पत्र्याच्या तिरप्या पट्ट्या बसवल्या. हवा बाहेर जाईल, पण झोत थेट सुतावर येणार नाही, अशा. दोन दिवस काम चाललं. चाचा खाली बसून कांड्या भरत वर बघत होते. दुसऱ्या दिवशी आप्पा शिडीवरून उतरून त्यांच्यापुढं जाऊन बसले आणि म्हणाले, "ही शेड मीच बांधलेली." चाचांनी कांडी खाली ठेवली. मी तिथंच उभी होते. ही तुझी मुलगी का, असं त्यांनी खुणेनं विचारलं आणि आप्पांनी मान हलवली.

चाचांनी सरळच विचारलं. "मिस्त्री, एक बात सांगा. छप्पर उडालं कसं?"

ज्या प्रश्नावर त्यांनी माझ्यापुढं ताटात हात धुतला होता, तोच हा प्रश्न. मागांची एवढी खटखट चालू होती, तरी आप्पांचं उत्तर मला स्पष्ट ऐकू आलं.

"हूक कमी पडलं माझं," आप्पा म्हणाले. "चूक झाली."

मी शेडच्या बाहेर निघून गेले. तिथं थांबले असते तर ओरडले असते.

प्रोजेक्टमध्ये मी सगळं लिहिलं, फट उघडी आणि फट बंद, दोन्ही. पण शेड कुठली, कुणाची, ते लिहिलं नाही. सरांनी पाठ थोपटली. आप्पांनी पुन्हा शेडची कामं धरली, थोडी का होईना. फट बुजवणाऱ्या गिऱ्हाइकाला मात्र ते आता तोंडावर शिव्या घालायचे, आणि तिरप्या पट्ट्या स्वतःहून लावून द्यायचे. आम्ही तिघांनी तो शब्द पाळला. चाचा गेल्या वर्षी त्यांच्या मुलखात वारल्याचं कळलं, म्हणून आज हे लिहायचं धाडस करते, तेही कुणाचं नाव न घेता.

आप्पा गेले त्याला आता तीन वर्षं झाली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात माणसं मावत नव्हती. वंदना झाल्यावर एकेकजण उठून आप्पांबद्दल चार शब्द बोलत होता. शेजारचे काका म्हणाले, "ती एक शेड सोडली, तर आमच्या मिस्त्रीच्या कामाला तोड न्हाय." लोकांनी माना डोलावल्या. आईनं माझ्याकडं बघितलं नाही आणि मी तिच्याकडं बघितलं नाही.

तेवढ्यात मागून चाचा पुढं आले. म्हातारे झाले होते, इचलकरंजीहून एकटेच बसनं आले होते. आप्पांच्या फोटोपुढं त्यांनी डाव्या हातानं फूल ठेवलं, मग माझ्याजवळ आले आणि तोच हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"सच्चा आदमी होता तुझा बाप," ते म्हणाले. "आपली गलती आपल्या तोंडानं बोलला. कोण बोलतो असं? मी त्याच दिवशी त्याला माफ केलं, बेटी. मनात काही ठेवू नको."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. वीतभर फट, पोती, सिमेंट, लाल आणि निळा रंग. मी जीभ दाताखाली धरली.

"चाचा," मी म्हटलं, "चहा घेतल्याशिवाय जायचं न्हाय."